मोठ्या वयात अंथरूण ओलं होतंय? आधी वही, मग उपाय

पहाटे साडेतीनला जाग येते. आधी ऊब जाणवते, मग गारठा, आणि मग कळतं. दिवा न लावता चादर ओढायची, ओल्या भागावर दुमडलेला टॉवेल टाकायचा, कपडे बदलून उरलेल्या कोरड्या पट्टीवर अंग चोरून पडायचं आणि घर जागं व्हायच्या आत बादली भरायची. मी १८ वर्षांचा होईपर्यंत हे इतक्या वेळा केलंय की अंधारात चादरीचा कोपरा कुठे खोचलाय ते हाताला पाठ होतं. लपवण्यात मी पटाईत झालो. डॉक्टरांकडे मात्र गेलो नाही. "वयात आला की थांबेल" हे ऐकत वाढलो, आणि वयात आल्यावर विचारायचीच लाज वाटायला लागली.

आता मागे वळून पाहताना वाटतं, लपवायला जेवढे कष्ट पडले त्याच्या निम्म्यात उपचार झाले असते. फक्त क्रम पाळायला हवा होता. बहुतेक घरांत सुरुवात होते ती रात्रीचं पाणी तोडण्यापासून, आणि तेवढ्याने काही होत नाही म्हटल्यावर सगळे हात टेकतात. खाली जो क्रम देतोय तो १३-१४ वर्षांपासून पुढच्या कुणासाठीही आहे.

"आपोआप थांबेल" हे कुठवर खरं?

लहानपणी खरं असतं. ५ वर्षांच्या मुलांपैकी साधारण १५ टक्के मुलांचं अंथरूण अधूनमधून ओलं होतं. १० व्या वर्षी हे प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास येतं आणि १५ च्या पुढे १ ते २ टक्के उरतात. पण हे उरलेले म्हणजे ज्यांचं आपोआप थांबायचं ते थांबून गेल्यावर मागे राहिलेले. त्यांच्यात आठवड्यातल्या बऱ्याच रात्री ओल्या जाणारेच जास्त असतात. म्हणून १६-१७ व्या वर्षी "अजून वर्षभर वाट पाहू" म्हणण्यात हशील नाही.

हा त्रास घराण्यातून येतो. आईवडिलांपैकी एकाला लहानपणी असेल तर मुलाला होण्याची शक्यता सुमारे ४४ टक्के, दोघांनाही असेल तर ७७ टक्क्यांच्या घरात. घरात विचारून पाहा. माझ्या बाबतीत हे गुपित काकांच्या तोंडून फुटलं, तेव्हा मी तिशी ओलांडली होती. तेच १२ व्या वर्षी कळलं असतं तर "माझ्यातच काहीतरी बिघडलंय" ही बोच तरी गेली असती.

रात्री नेमकं काय होतं

तीन गोष्टी. एक, रात्री मेंदूकडून व्हॅसोप्रेसिन नावाचं संप्रेरक जास्त सुटतं आणि मूत्रपिंडं लघवी कमी बनवतात. काहींच्यात ही रात्रीची वाढ पुरेशी होत नाही आणि लघवी दिवसाच्याच वेगाने बनत राहते. दोन, मूत्राशय कमी धरतं किंवा पुरतं भरायच्या आतच आवळतं. अशा लोकांना दिवसाही वारंवार, घाईने जावं लागतं. तीन, मूत्राशयाने हाक मारली तरी जाग येत नाही. ही तिसरी गोष्ट जवळजवळ सगळ्यांमध्ये असते, कारण जाग आली असती तर माणूस उठून गेलाच असता.

चौथी गोष्ट कुणाच्या डोक्यातच येत नाही: पोट साफ नसणं. गुदाशय मूत्राशयाच्या अगदी मागे असतं. ते मळाने फुगलेलं असेल तर मूत्राशयाला पसरायला जागा राहत नाही. रोज शौचाला होतं म्हणजे पोट साफ आहे असंही नाही. खडा होतो का, कुंथावं लागतं का, ते बघा.

यांतल्या कुठल्या कारणाने त्रास आहे त्यावर उपाय ठरतो. एकाला ज्या गोळीने आठवड्यात कोरडं केलं, तीच दुसऱ्याला पाण्याइतकी निरुपयोगी ठरते ती याचमुळे.

पहिली पायरी: आधी डॉक्टर लागतील का, ते बघा

लहानपणापासून कधीच पूर्ण कोरडं नसणं वेगळं, आणि ६ महिने किंवा जास्त कोरडं राहून पुन्हा सुरू होणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात मागे काहीतरी नवीन घडलेलं असतं, ते शोधावंच लागतं. त्यातही प्रचंड तहान, सारखी लघवी आणि उतरणारं वजन असं तिन्ही एकत्र दिसत असेल तर मधुमेहाची तपासणी त्याच दिवशी करून घ्या, पुढच्या महिन्यावर ढकलू नका.

बाकीच्या खुणा अशा: लघवीला जळजळ किंवा रक्त, दिवसाही कपडे ओले होणं, धार बारीक असणं किंवा जोर लावावा लागणं, पाठ दुखणं, पायांत बधिरपणा किंवा चालण्यात फरक, नकळत शौच होणं, सकाळी जीभ चावलेली आढळणं (रात्री झटके येत असू शकतात). मोठ्याने घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं हेही यातच धरा. श्वास अडकला की हृदयावर ताण येतो आणि शरीर जास्त लघवी बनवणारं संप्रेरक सोडतं. श्वासाचा उपचार झाल्यावर अंथरूण आपसूक कोरडं झालेले लोक असतात. नवी औषधं सुरू झाली असतील तर तीही सांगा. झोपेच्या गोळ्या, किंवा लिथियम, क्लोझापिन ही मानसिक आजारांवरची औषधं यांनी हा त्रास सुरू होऊ शकतो. मनावर मोठा आघात झाला असेल, कुणी त्रास देत असेल, तर तेही सांगण्यासारखंच आहे.

पहिल्या भेटीत तपासण्या फारशा नसतात. लघवीची तपासणी, रक्तातली साखर, आणि मोठ्या वयात बहुधा सोनोग्राफी, ज्यात लघवी करून आल्यावर मूत्राशयात किती उरते तेही बघतात. फॅमिली डॉक्टरपासून सुरुवात करा, पुढे मूत्ररोगतज्ज्ञ. तोंडाने सांगवत नसेल तर चिठ्ठीवर एकच ओळ लिहून पुढे सरकवा: "झोपेत लघवी होते, लहानपणापासून, आठवड्यातून ५ रात्री." डॉक्टरांना ही ओळ नवीन नसते.

दुसरी पायरी: वही

हीच पायरी लोक टाळतात, आणि माझ्या मते सगळं हिच्यावर उभं आहे. लागतं काय? एक प्लास्टिकचं मोजपात्र, एक डिजिटल वजनकाटा आणि वही.

सुट्टीचे दोन दिवस निवडा. सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत प्रत्येक वेळची लघवी मोजपात्रात करा, वेळ आणि मिलिलिटर लिहा. काय प्यायलात, कधी, किती, तेही लिहा. सकाळची पहिली लघवी मोजा, पण ती रात्रीच्या खात्यात टाका, कारण ती रात्रीच बनलेली असते.

रात्रीचं मोजायला शोषक पॅन्ट घाला. कोरडी असताना तिचं वजन करा, सकाळी ओली असताना पुन्हा करा. लघवीचा १ ग्रॅम म्हणजे जवळपास १ मिलिलिटर. समजा कोरडी पॅन्ट ९० ग्रॅम आणि सकाळी ४८० भरली. म्हणजे ३९० मिली गेली. उठल्यावरची पहिली लघवी २०० मिली. रात्रीची बेरीज ५९०. दिवसभरात ९०० झाली असेल तर २४ तासांचे १४९०, आणि त्यातला ४० टक्के हिस्सा एकट्या रात्रीचा! तरुण वयात रात्रीचा वाटा पाचव्या हिश्श्याच्या आसपास असतो. तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त निघाला तर रात्री लघवी जास्त बनते आहे हे उघड आहे.

आता दुसऱ्या एखाद्याची वही बघा. दिवसात ११ वेळा लघवी, एका वेळची सर्वांत जास्त १८० मिली, रात्री दोनदा ओलं, दर वेळी थोडंथोडं. मोठ्या माणसाचं मूत्राशय साधारण ३०० ते ५०० मिली आरामात धरतं. इथे दोष मूत्राशयाच्या धरण्यात आहे, लघवी जास्त बनण्यात नाही.

पुढचे दोन आठवडे फक्त रात्रीची नोंद ठेवा: कोरडी की ओली, साधारण किती वाजता, डाग केवढा, शौच कसं झालं, आदल्या संध्याकाळी काय विशेष. वाचून घरचे काय म्हणतील अशी धास्ती असेल तर फोनमध्ये ठेवा, पण ठेवा. डॉक्टरांसमोर ही चार पानं टाकली की बोलणं थेट मुद्द्यावर येतं.

तिसरी पायरी: दिवस सावरा

रात्रीचा घोटाळा दिवसापासून सुरू होतो. बरेच विद्यार्थी बाहेरची स्वच्छतागृहं नकोत म्हणून सकाळपासून पाणीच पीत नाहीत, संध्याकाळी घरी येऊन तासाभरात लिटरभर ढोसतात आणि रात्री मग जे व्हायचं ते होतं. पाणी कमी करू नका, वेळ बदला. दिवसभराच्या पाण्यातलं साधारण ४० टक्के दुपारपर्यंत, ४० टक्के संध्याकाळपर्यंत आणि उरलेलं २० टक्के त्यानंतर, असा हिशोब ठेवा. संध्याकाळी खेळ किंवा व्यायाम असेल तर तहान मारू नका, तेवढं प्याच. कॅफीन असलेली पेयं दुपारनंतर बंद. दारू घेत असाल तर हे माहीत असू द्या: ती व्हॅसोप्रेसिन दाबते आणि झोपही जड करते, म्हणजे दोन्हीकडून मार.

दर दोन-तीन तासांनी लघवीला जा, घाई होण्याची वाट बघू नका. तुंबवून मूत्राशय मोठं होतं ही समजूत मोठ्या माणसांतही आहे, तिच्या नादी लागू नका. बसून, पाय टेकवून, सावकाश करा. झोपण्यापूर्वी एकदा जा, दात घासा, पुन्हा एकदा जा. दुसऱ्या वेळी थोडी तरी निघतेच.

पोट कडक असेल तर ते आधी. तंतुमय आहार, पाणी, रोज ठरलेल्या वेळी शौचाला बसणं, आणि गरज पडली तर डॉक्टरांनी दिलेलं मल मऊ करणारं औषध काही आठवडे. एवढ्यानेच काहींच्या ओल्या रात्री निम्म्यावर येतात.

चौथी पायरी: अलार्म

आजवरच्या उपायांत सवय मुळापासून बदलणारा हाच. १९३८ मध्ये होबार्ट आणि विली मे मावरर या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने ओल लागताच घंटा वाजवणारी गादी मुलांवर वापरून दाखवली. आज तेच तत्त्व बोटाएवढ्या सेन्सरमध्ये आलंय. सेन्सर अंतर्वस्त्राला लावायचा, पहिला थेंब पडला की आवाज किंवा थरथर. मनापासून वापरणाऱ्यांपैकी साधारण दोन-तृतीयांश जण कोरडे होतात.

पण पहिला आठवडा कसा असतो ते कुणी सांगत नाही. अलार्म वाजतो, शेजारच्या खोलीतला भाऊ उठतो, आई उठते, आणि ज्याच्यासाठी वाजतोय तो गाढ झोपलेला असतो. अंथरूण पूर्ण ओलं झालेलं असतं. "हे याच्यासाठी नाही" म्हणून बहुतेक जण इथेच सोडून देतात. इथेच थांबायचं नाही. सुरुवातीला घरातल्या कुणीतरी येऊन उठवायचं, नुसतं हलवून नव्हे, तर पाय जमिनीवर टेकवून, नाव विचारून, पूर्ण शुद्धीवर आणून. मग अलार्म ज्याचा त्यानेच बंद करायचा, शौचालयात जाऊन उरलेली लघवी करायची, कपडे बदलायचे, सेन्सर पुन्हा लावायचा. एकटे राहत असाल तर अलार्मचा थरथरणारा भाग मनगटाशी किंवा उशीखाली ठेवा आणि मोठ्याने वाजणारा भाग हाताला न लागेल इतका लांब.

फरक असा दिसतो: आधी डाग लहान होतो. मग ओलं होण्याची वेळ पहाटेकडे सरकते. मग एखाद्या रात्री अलार्म वाजायच्या क्षणभर आधी डोळे उघडतात. या खुणा वहीत दिसल्या तर चाल योग्य आहे, कोरडी रात्र अजून एकही नसली तरी. ६ ते ८ आठवडे होईपर्यंत निकाल लावू नका, सुधारणा दिसत असेल तर ३-४ महिने द्या. सलग १४ रात्री कोरड्या गेल्या की थांबता येतं.

आपण होऊन ठरावीक वेळी गजर लावून उठणं याला मी उपचार म्हणणार नाही. त्या रात्रीपुरती चादर वाचते, मूत्राशय आणि मेंदू काही शिकत नाहीत. परीक्षेच्या आदल्या रात्री खुशाल करा.

पाचवी पायरी: औषध

डेस्मोप्रेसिन हे व्हॅसोप्रेसिनसारखं काम करणारं औषध. वहीत रात्रीचा वाटा मोठा निघाला असेल आणि मूत्राशय पुरेसं धरत असेल तर ते सर्वांत उपयोगी. गोळी बहुधा ०.२ मिलिग्रॅमपासून सुरू होते, झोपण्यापूर्वी तासभर. असर पहिल्या एक-दोन आठवड्यांतच कळतो. बंद केलं की बऱ्याच जणांना त्रास परततो, म्हणून डॉक्टर ते हळूहळू कमी करतात.

यातला धोका एकच, पण खरा आहे. गोळी घेतली की शरीर पाणी धरून ठेवतं. वरून भरपूर पाणी प्यायलं तर रक्तातलं सोडियम घसरतं: डोकेदुखी, मळमळ, उलटी, गोंधळल्यासारखं होणं, आणि वाढलं तर झटके. म्हणून गोळीच्या १ तास आधीपासून नंतरच्या ८ तासांपर्यंत फार तर एक पेला, तोही तहान लागली तरच. ताप, जुलाब, उलट्या असतील त्या रात्री गोळी नाही. पार्टीत बरंच पिऊन आलात, त्या रात्रीही नाही. काही वेदनाशामकं आणि नैराश्यावरची औषधं हा धोका वाढवतात, तेव्हा चालू असलेल्या सगळ्या गोळ्या डॉक्टरांना दाखवा. याच धोक्यामुळे अमेरिकेच्या औषध नियामकाने २००७ मध्ये नाकात मारायच्या स्प्रेची या त्रासासाठीची मान्यता काढून घेतली. मित्राच्या कपाटातून घेऊन करून बघण्याचं हे औषध नव्हे.

मूत्राशय लवकर आवळत असेल तर ऑक्सिब्युटिनिन, टॉल्टेरोडिनसारखी औषधं देतात. त्यांनी तोंड कोरडं पडतं आणि पोट कडक होतं, म्हणजे तिसऱ्या पायरीवर पुन्हा लक्ष ठेवावं लागतं. इमिप्रामिन जुनं औषध आहे, जास्त मात्रा हृदयाला घातक ठरते, म्हणून आता ते शेवटच्या रांगेत. अलार्म आणि डेस्मोप्रेसिन एकत्रही देतात.

तोवरच्या रात्री

उपचाराला महिने लागतात, आणि तोवर झोपायचं तर रोजच आहे. अंथरूण दोन थरांचं करा: गादीवर चारी बाजूंनी बसणारं वॉटरप्रूफ कव्हर, त्यावर चादर, पुन्हा एक शोषक पॅड आणि वर दुसरी चादर. रात्री वरचे दोन थर ओढून काढले की खाली तयार अंथरूण. पाच मिनिटांचं काम दीड मिनिटात होतं आणि पुन्हा झोप लागते. शोषक पॅन्टला "डायपर" म्हणून नाक मुरडू नका, मोठ्या मापाच्या आता कपड्याखाली दिसतही नाहीत. अलार्म लावतानाही त्यांच्या आत सेन्सर बसवता येतो.

ओले कपडे आधी गार पाण्यात खळबळा, मग धुवा. गरम पाण्याने वास बसतो. गादीवरची ओल घासू नका, कोरड्या कापडाने दाबून टिपा, मग पाण्यात निम्मं पांढरं व्हिनेगर किंवा एन्झाइमचं क्लीनर मारा आणि वाऱ्याला वाळू द्या. ब्लीच मात्र लघवीवर कधीच ओतू नका. लघवीतल्या अमोनियाशी त्याची गाठ पडली की विषारी वाफा निघतात. सकाळी अंग साध्या पाण्याने धुऊन कोरडं करा, लाली येत असेल तर पेट्रोलियम जेली किंवा झिंक ऑक्साइडचं मलम लावा.

सहल, वसतिगृह, मित्राकडे मुक्काम. गोळी पहिल्यांदा सहलीच्या रात्री घेऊ नका, आधी घरी आठवडाभर करून बघा. झोपण्याच्या पिशवीत वॉटरप्रूफ अस्तर घाला, गडद रंगाचे कपडे आणि घट्ट बंद होणारी पिशवी जवळ ठेवा. वसतिगृहात एका माणसाला सांगून ठेवलेलं बरं, वॉर्डन असो की खोलीतला मित्र. "मला झोपेचा वैद्यकीय त्रास आहे, रात्री चादर बदलावी लागते, उपचार चालू आहेत" एवढं पुरतं. जोडीदाराला मात्र पहिल्या मुक्कामाआधी, दिवसाउजेडी, कपडे अंगावर असताना सांगा. पहाटे चारला ओल्या चादरीवरून सुरू होणारं बोलणं कुणालाही जड गेल्याशिवाय राहत नाही.

आईवडिलांसाठी थोडकंच. शिक्षा, टोमणे, पाहुण्यांसमोर उल्लेख यांनी एकही रात्र कोरडी होत नाही. चादर धुणं हे मुलाचं काम असू दे, पण शिक्षा म्हणून नव्हे, स्वतःचं खाजगीपण त्याच्या हातात राहावं म्हणून. अलार्म बाथरूमच्या कपाटात गुपचूप ठेवा, विचारल्यावर मदतीला उठा, आणि सकाळी "काल कसं झालं?" हा प्रश्न त्याने काढल्याशिवाय काढू नका.

परत आलं तर

कोरडं होऊन तीन-चार महिने झाले आणि एक रात्र ओली गेली, तर त्यात घाबरण्यासारखं काही नाही. जागरण, ताप, उशिरा प्यायलेलं पाणी, काहीही असू शकतं. महिन्यात दोन-तीनदा झालं तर मात्र अलार्म पुन्हा लावा, दुसऱ्या खेपेला बहुधा आधीपेक्षा लवकर जमतं. ६ महिने कोरडे गेल्यावर परतलं असेल तर पुन्हा पहिल्या पायरीच्या खुणा तपासा. म्हणून अलार्म आवरताना बॅटरी काढा, सेन्सर पुसून कोरडा करा, आणि वही त्याच डब्यात ठेवा.